माळ्यावरचा टेपरेकॉर्डर

गेले दोन वीकांत इथे शुकशुकाट होता, त्याबद्दल आधी माफी. हापिसातल्या रिलीजचं कारण पुढे करता आलं असतं, पण खरं कारण वेगळंच आहे. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन एका म्हाताऱ्या टेपरेकॉर्डरचं पोट फाडायच्या तयारीत होते. शेवटी फाडलं की नाही ते सांगतेच. पण मधे थोडा इतिहास ऐकून घ्यावा लागेल. नेहमीच्या वाचकांना याची सवय आहेच!

तर झालं असं. मी सतार शिकते हे तुम्हाला माहीत आहे. (चांगली वाजवते असं म्हटलेलं नाही, नोंद घ्यावी.) रियाझ रेकॉर्ड करायला म्हणून दोन वर्षांपूर्वी एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि एक साधा डायनॅमिक माइक घेतला. रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ येतं. इतकं स्वच्छ, की सतार दवाखान्यात ठेवल्यासारखी वाटते. मग सुरू झाला आंतरजालावरचा शोध: गिटार, व्हायोलिन, सतार यांसारख्या वाद्यांचा आवाज घरी 'उबदार' कसा आणायचा? फिरून फिरून एकच उत्तर येत होतं. जुन्या टेप मशीनमधला प्रीअँप वापरा. म्हणजे टेप नाही वापरायची हं, फक्त मशीनमधला प्रीअँप. तो बाहेर काढायचा, डब्यात बसवायचा, त्यात माइक लावायचा आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा.

आणि मला आठवलं, नानांच्या माळ्यावर एक मशीन आहे.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय ८४. मर्चंट नेव्हीत होते. १९७४ साली त्यांनी युरोपातून एक रेवॉक्स ए७७ आणला. स्वित्झर्लंडच्या विली स्टुडरच्या कंपनीचं हे मशीन १९६७ मध्ये बाजारात आलं. दोन मोठी चक्रं, तीन मोटारी, तीन हेड्स, वजन पंधरा किलोच्या आसपास. त्यावर भरलेल्या कस्टम ड्यूटीचा आकडा नानांना अजून पाठ आहे. मी विचारलं, "नाना, त्यातली दोन कार्डं काढून घेऊ का?" ते म्हणाले, "काढ की. तुझ्या उपयोगी पडत असतील तर काढ. माळ्यावर नुसतं पडलंय ते."

झालं, परवानगी मिळाली. आता इतिहास.

प्रीअँप म्हणजे नक्की काय?

माइक आवाजाचं विजेत रूपांतर करतो. पण ही वीज अगदीच नगण्य असते. साध्या डायनॅमिक माइकमधून एक-दोन मिलिव्होल्ट निघाले तरी खूप. पुढच्या यंत्रांना मात्र साधारण एक व्होल्टच्या घरातला सिग्नल लागतो. म्हणजे पाचशे-हजार पट वाढवायचा. तांत्रिक भाषेत ६० डेसिबल म्हणजे बरोबर हजार पट. हे काम प्रीअँपचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्याच पायरीवर जी काही खरखर मिसळेल, ती पुढे सिग्नलबरोबरच हजार पट होते. आपल्या कोडमध्ये पहिल्या फंक्शनने चुकीचा डेटा आत घेतला की पुढे सगळ्या मॉड्यूल्सची वाट लागते, तसंच. म्हणून प्रीअँप हा साखळीतला सगळ्यात नाजूक दुवा.

आता प्रश्न असा, की हा दुवा टेपरेकॉर्डरच्या पोटात गेला कसा?

आवाज होता, पण ऐकू येत नव्हता

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पॉल्सनने १८९८ मध्ये 'टेलिग्राफोन' नावाचं यंत्र केलं. त्यात पोलादी तारेवर चुंबकत्वाच्या रूपात आवाज साठवला जायचा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यावर ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा, फ्रान्झ जोसेफचा आवाज घेतला गेला. तो आजही जपून ठेवलेला आहे. म्हणजे तत्त्व सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं.

मग टेपरेकॉर्डर तेव्हाच घरोघरी का नाही आला? कारण तारेतून निघणारा आवाज कानाला इअरपीस लावूनच ऐकावा लागायचा. तो मोठा करायचं साधनच नव्हतं. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये 'ऑडिऑन' ही व्हॉल्व्हची आदिमाया तयार केली, आणि तिच्यापासून अँप्लिफायर करता येतो हे ध्यानात यायला १९१२ च्या आसपासचा काळ उजाडला. थोडक्यात, आठवण साठवायची सोय आधी झाली आणि ती ऐकायची सोय नंतर. चुंबकीय ध्वनिमुद्रणात अँप्लिफायर हा काही वरून लावलेला दागिना नाही. तो नसेल तर यंत्र मुकं.

पुढचा टप्पा जर्मनीचा. फ्रिट्झ फ्लॉइमर या माणसाने सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी चढवायची पद्धत शोधली होती. तेच डोकं वापरून त्याने १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवली. ही टेपची सुरुवात. एईजी आणि बीएएसएफ या कंपन्यांनी ती कल्पना पुढे नेली आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' मांडला. पुढच्या वर्षी, १९ नोव्हेंबर १९३६ ला, लुडविग्सहाफेनला थॉमस बीचमच्या लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राची मैफल टेपवर घेतली गेली. पण खरखर भरपूर होती.

ती खरखर गेली ती एका बगमुळे! जर्मन रेडिओतला इंजिनिअर वॉल्टर वेबर १९४० मध्ये प्रयोग करत असताना एक अँप्लिफायर बिघडला आणि आपोआपच कानाला ऐकू न येणारा उंच सूर काढू लागला. बघतात तर रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ. सिग्नलमध्ये असा अतिउंच सूर मिसळला की टेप आवाजाशी जास्त प्रामाणिक राहते, हे त्यातून कळलं. याला एसी बायस म्हणतात, आणि त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये तो आहे. नानांच्याही.

पार्सलातून आलेलं मशीन

युद्धाच्या काळात जॅक मलिन नावाचा एक अमेरिकन सिग्नल कोअरचा इंजिनिअर इंग्लंडमध्ये होता. रात्री उशिरा जर्मन रेडिओवर ऑर्केस्ट्रा ऐकू यायचा, तोही तबकडीची खरखर नसलेला. याला कोडं पडलं, की मध्यरात्री हे लोक आख्खा ऑर्केस्ट्रा बसवून वाजवतात की काय? १९४५ मध्ये बाड नाउहाइमच्या रेडिओ स्टुडिओत त्याला उत्तर सापडलं. त्याने दोन मॅग्नेटोफोन सुटे करून, छोटी छोटी पार्सलं करून घरी पाठवले, सोबत ५० टेपा. घरी परत गेल्यावर त्याने यांत्रिक भाग जर्मन ठेवला आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र अमेरिकन सुटे भाग वापरून स्वतः बांधलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टेप फिरवणारा भाग आणि आवाज वाढवणारा भाग हे दोन वेगळे मॉड्यूल आहेत, एक बदलून दुसरा ठेवता येतो, हे अमेरिकेतल्या पहिल्याच प्रयोगात दिसलं. आजचे प्रीअँप काढणारे लोक त्याच रस्त्याने उलटे चाललेत.

मलिनने १६ मे १९४६ ला सॅन फ्रान्सिस्कोत रेडिओ इंजिनिअरांसमोर हे यंत्र वाजवून दाखवलं. पुढच्या वर्षी ते गायक बिंग क्रॉस्बीपर्यंत पोचलं. क्रॉस्बीला दर आठवड्याला लाइव्ह कार्यक्रम करण्याचा कंटाळा आला होता. रेकॉर्ड करून लावायचं तर तबकडीचा दर्जा पुरत नव्हता. त्याने मलिनला कामावर घेतलं आणि अँपेक्स नावाच्या एका छोट्या कंपनीला ५०,००० डॉलर पाठवून दिले. अलेक्झांडर पोनियाटॉफची ही कंपनी युद्धात रडारसाठी मोटारी बनवायची. १९४८ मध्ये तिचं पहिलं मशीन, मॉडेल २००, बाहेर पडलं.

पुढे १९५० च्या दशकात अँपेक्सची ३५० आणि ३५१ ही मॉडेल्स अमेरिकन स्टुडिओंमध्ये पसरली. त्यांची रचना अशी, की टेप फिरवणारा भाग वेगळा आणि व्हॉल्व्ह असलेला इलेक्ट्रॉनिक्सचा डबा वेगळा, दोन्ही वायरने जोडलेले. रेडिओ स्टेशनला वेगळं मिक्सर परवडत नसेल तर त्या डब्यातच थेट माइक लावायची सोय होती. पन्नास वर्षांनी लोक ज्याच्या मागे लागले तो हाच डबा.

स्टुडिओ घरी येतो

घरच्या रेकॉर्डिंगचं श्रेय द्यायचं तर गिटारवाल्या लेस पॉलला द्यावं लागेल. क्रॉस्बीने १९४९ मध्ये त्याला एक अँपेक्स भेट दिला. पॉलने त्यात एक जादा हेड बसवून घेतलं आणि आधी वाजवलेल्यावर पुन्हा वाजवत थर चढवायला सुरुवात केली. चूक झाली की आधीचे सगळे थर वाया! अनडू नाही, बॅकअप नाही. १९५१ मध्ये त्याची आणि मेरी फोर्डची 'हाऊ हाय द मून' गाजली ती अशीच, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड केलेली.

दुसरं उदाहरण अंगणातलं. लोकसंगीत जमा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स १९५९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात अँपेक्स ६०१-२ हे सुटकेसमधलं स्टीरिओ मशीन घेऊन फिरला. पोर्टेबल म्हणायचं, पण उचलायला मजबूत हात हवेत. मिसिसिपीतल्या कोमो गावात फ्रेड मॅकडॉवेल नावाचा एक शेतकरी कापूस वेचून संध्याकाळी गिटार घेऊन आला आणि त्याचं आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग झालं. ना काचेची खोली, ना भिंतीला फोम. बाहेरचा आवाज, माइक, आणि मशीन.

नानांच्या रेवॉक्सची पिढी ही त्यानंतरची. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, सगळे ट्रान्झिस्टर. दर्शनी भागावरच माइक लावायची दोन भोकं, लो आणि हाय असा निवडायचा खटका, दोन काटेवाले मीटर. म्हणजे एक माइक जोडी आणि हे मशीन असलं की दुसरं काही नको. आपल्याकडेही ज्यांना असं एखादं स्पूलवालं मशीन मिळालं, त्यांनी घरच्या बैठका, कोजागरीची गाणी, मुलांचे बोबडे बोल, सगळं टेपवर घेतलं. खासगी मैफलींची कितीतरी रेकॉर्डिंग आज ऐकायला मिळतात ती अशा हौशी लोकांमुळे.

पण मग ती 'ऊब' कुठून आली?

इथे एक गंमत आहे. ही मशीन्स बनवणाऱ्या कुठल्याही इंजिनिअरला ऊब वगैरे नको होती! त्यांना हवा होता आत आला तसाच बाहेर जाणारा आवाज. कॅटलॉगमध्ये डिस्टॉर्शनचा आकडा जितका लहान तितकी त्यांची मान ताठ. आज ज्याला आपण कॅरेक्टर म्हणून पैसे मोजतो, ती त्यांच्या लेखी उरलेली चूक होती.

व्हॉल्व्हवर जरा जास्त भार टाकला की तो मूळ सुरात त्याचे वरचे सूर हळूच मिसळतो. दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे वरचा सा. तिप्पट, म्हणजे त्याच्या पुढचा प. इनपुटचा ट्रान्सफॉर्मर खर्जात असंच काहीतरी करतो. शिवाय नखीचा ठोका पडतो तेव्हा सिग्नलचं जे टोकदार शिखर येतं, ते जरासं गोल होतं.

हे वाचताना मला एकदम आमच्या गुरुजींची आठवण झाली. तानपुऱ्याच्या घोडीला बाक देऊन आणि तारेखाली दोरा सरकवून जे साधतो ते दुसरं काय असतं? तार घोडीला नाजूकपणे घासत राहते आणि एका सुरातून वरच्या सुरांची झालर उठते. त्याला आपण जवारी म्हणतो. मिरजेचे कारागीर ती कानसेने घासून घासून साधतात. म्हणजे अमेरिकन लोक व्हॉल्व्हमध्ये जे शोधतात, ते आपल्या वाद्यात मुळातच बसवलेलं आहे. फरक इतकाच, की जवारी कारागिराने हेतूने आणलेली असते आणि प्रीअँपची ऊब इंजिनिअरच्या हातून निसटलेली असते.

मग त्या निसटलेल्या गोष्टीचा कोणीतरी मुद्दाम उपयोग करणारच. १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने साधी अकूस्टिक गिटार फिलिप्सच्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरसमोर इतक्या जोरात वाजवली की बिचाऱ्या मशीनचा श्वास कोंडला. 'स्ट्रीट फायटिंग मॅन'मधला तो करकरीत आवाज इलेक्ट्रिक गिटारचा नाही, कोंडलेल्या कॅसेट रेकॉर्डरचा आहे. आणि १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात गिटार घेऊन बसला. समोर दोन साधे माइक आणि टियॅकचं पोर्टास्टुडिओ, म्हणजे कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं १९७९ सालचं घरगुती मशीन. ते रेकॉर्डिंग नुसतं नमुना म्हणून होतं. नंतर बँड बसवून गाणी पुन्हा करून पाहिली, पण मजा येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली.

आपण काय शिकलो? की स्वस्त मशीनमधून भारी आवाज येतो. मला वाटतं आपण चुकीचं शिकलो. पण ते पुढे.

पोटं फाडण्याचा काळ

१९९० च्या दशकात डिजिटल आलं. १९९१ मध्ये अलेसिसने एडॅट दाखवलं, त्याच वर्षी प्रो टूल्सही आलं. स्टुडिओंना शंभर-दोनशे किलोची टेप मशीन्स अडगळ वाटू लागली. टेप महाग, देखभाल महाग, जागा महाग. २००५ च्या जानेवारीत तर अमेरिकेतली व्यावसायिक टेप बनवणारी शेवटची मोठी कंपनी, अलाबामातली क्वांटेजी, दिवाळखोरीत गेली आणि काही काळ कारखाना बंद पडला. तेव्हा लोकांनी टेपसाठी शोधाशोध केली म्हणतात.

याच काळात कॉम्प्युटरचा आवाज फार कोरडा वाटतो अशी तक्रार सुरू झाली, आणि कोणाला तरी त्या अँपेक्सच्या डब्यांची आठवण झाली. डबा काढा, रॅकमध्ये बसवा, प्रीअँप तयार. उरलेला यांत्रिक भाग भंगारात, किंवा हेड्स नि मोटारी सुट्या विकायच्या. आर्थिक हिशेब चोख होता. जोडीने प्रीअँप विकले तर आख्ख्या मशीनपेक्षा जास्त पैसे.

मीही तेच करणार होते. ए७७ ची रचना तर एकदम मॉड्युलर. प्रत्येक काम वेगळ्या कार्डावर, कार्ड खाचेत बसवलेलं, ओढलं की बाहेर. त्या कार्डांना लागणारी वीज मशीनच्याच पॉवर सप्लायमधून घ्यायची म्हणजे तोही काढावा लागणार, पण त्याचं काय एवढं. हेड्ससाठी एक गिऱ्हाईकही मी ऑनलाइन हेरून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू.

"टेपा आहेत का घरात?"

माळ्यावर पन्नास वर्षं पडलेलं मशीन थेट प्लगला लावू नये, आधी जुने कपॅसिटर बदलून घ्यावेत, एवढी अक्कल मला होती. म्हणून ते घेऊन पेठेतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेले. काकांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि चष्म्यावरून विचारलं, "हे कशाला काढायचंय तुला?"

मी सगळं सांगितलं. ऊब, अँपेक्स, प्रीअँप वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"टेपा आहेत का घरात? या मशीनवर घेतलेल्या?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं! मी मशीन मागितलं होतं, टेपांचं विचारलंच नव्हतं.

"आधी बघून ये," ते म्हणाले. "ज्या मशीनवर घेतली त्याच मशीनवर टेप सगळ्यात चांगली वाजते. हेडचा तिरकेपणा प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. दुसऱ्यावर लावलीस तर वरचे सूर जातात."

त्यांनी जे सांगितलं त्याला अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडची फट टेपच्या दिशेला काटकोनात असावी लागते, आणि त्यात केसभर फरक पडला तरी आवाज दबतो. टेप आणि तिचं मशीन यांचं नातं हे असं असतं. फाइल फॉरमॅट आणि तो वाचणारं सॉफ्टवेअर, असं म्हणा.

हे फक्त माझ्या घरापुरतं नाही. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा यांनी मिळून मॅग्नेटिक टेप अलर्ट नावाचा प्रकल्प सुरू केला. सांगणं साधं होतं. टेपा अजून बऱ्या आहेत, पण त्या वाजवणारी मशीन्स, सुटे भाग आणि ती दुरुस्त करू शकणारी माणसं संपत चालली आहेत. त्यांनी २०२५ हे वर्ष धोक्याची रेषा म्हणून धरलं होतं. जगभरातल्या भाषा, लोकगीतं, बोली, विधी हे सगळं ज्या टेपांवर आहे, त्या एक दिवस असतील आणि वाचता येणार नाहीत. पॉल्सनच्या उलट. तेव्हा आवाज साठवला होता आणि मोठा करता येत नव्हता. आता मोठं करणारा भाग आपण काढून घेतो आणि साठवलेलं मुकं होतं.

बिस्किटाचा डबा

माळ्यावर पुन्हा चढले. मशीनच्या मागे, बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, अकरा टेपा. प्रत्येकीवर नानांच्या बारीक अक्षरात तारीख आणि राग. सात टेपांवर एकच नाव: 'सौ. - सतार'.

नानीआजी २००९ मध्ये गेली. ती सतार वाजवायची हे मी ऐकून होते, पण मला आठवते ती फक्त तिची भाजणीची थालीपीठं. आणि मी सतार शिकायला लागले तेव्हा नाना एवढंच म्हणाले होते, "बरं झालं."

"नाना, टेपांचं बोलला नाहीत तुम्ही?"

"तू मशीन मागितलंस. टेपा कुठे मागितल्यास?" मग जरा वेळाने म्हणाले, "ती गेल्यावर लावल्या नाहीत मी."

काकांनी तीन आठवडे घेतले. कपॅसिटर बदलले, हेड साफ केलं, रबरी चाक घासून घेतलं. पुढच्या शनिवारी मशीन नानांच्या दिवाणखान्यात मांडलं आणि पहिली टेप लावली. १९७६ ची कोजागरी, यमन. आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग तारा जुळवणं, चांगलं पाच मिनिटं, आजकाल कोणी ते ठेवणार नाही. मग आलाप. आणि मधेच थांबून नानीआजीचा आवाज, "अहो, तार उतरली." त्यावर एका तरुण माणसाचा आवाज, "थांब, बंद करतो." आणि बंद काही केलेलं नाही!

नाना हसले. मग हेडफोन कानावर तसाच दाबून, टेप संपून रिकामं चक्र फटफट वाजायला लागलं तरी बसून राहिले.

आणि प्रीअँपचं काय?

तोही वापरला की! पोट न फाडता. ए७७ वर ऐकायचा सिग्नल निवडायचं बटण असतं, टेप किंवा इनपुट. इनपुटवर ठेवलं की माइकचा आवाज त्या कार्डातून जाऊन सरळ मागच्या आउटपुटवर मिळतो. टेप फिरवायचीही गरज नाही. तिथून वायर माझ्या इंटरफेसच्या लाइन इनपुटला. तीन हेड्सच्या बऱ्याच मशीनवर ही सोय असते. एक अडचण सांगून ठेवते. या मशीनमधून फँटम पॉवर मिळत नाही, त्यामुळे बहुतेक कंडेन्सर माइक चालणार नाहीत. डायनॅमिक माइक लो वर लावा.

मग माइकच्या वायरला दोन फाटे काढून एकच वादन दोन्हीकडून घेतलं, रेवॉक्समधून आणि थेट इंटरफेसमधून. दोन्हींची पातळी अगदी सारखी केली. हे फार महत्त्वाचं, कारण जे जरा मोठं ऐकू येतं ते कानाला नेहमी चांगलं वाटतं. मग दादाला दहा तुकडे ओळखायला दिले. सहा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते! काटा लाल भागात खोल जाईपर्यंत आवाज चढवला तेव्हा मात्र फरक कळला, ठोका मऊ झाला. पण साध्या पातळीवर? ऊब म्हणावी असं काही नव्हतं.

आणि तरी १९७६ च्या टेपवरची सतार माझ्या सतारीपेक्षा कितीतरी भरीव वाटत होती. मी नानांना विचारलं, हे कशामुळे?

"मशीनमुळे नाही गं," ते म्हणाले. "मी अर्धा तास हेडफोन घालून माइक इकडेतिकडे सरकवत बसायचो. ती चिडायची. आणि ती खोली बघ, लाकडी माळा, गाद्या, माणसं." थोडं थांबून, "आणि हात तिचा होता."

मघाशी म्हटलं ना, आपण चुकीचं शिकलो, ते हेच. कोमोतल्या अंगणात, क्वीन्समधल्या फ्लॅटमध्ये किंवा कोल्ट्स नेकच्या घरात जे झालं त्यातलं प्रीअँप हे फक्त सुटं करता येणारं एकच मॉड्यूल होतं. म्हणून आपण तेवढंच सुटं केलं. बाकीचं सुटं करता येत नाही.

अकरापैकी नऊ टेपा आता डिजिटल झाल्यात. दोनवर बुरशी आहे, त्या काकांकडे आहेत. मशीन नानांच्याच दिवाणखान्यात आहे, दोन्ही कार्डं जागेवर. रविवारी सतार घेऊन तिकडे जाते. नाना माइक सरकवतात, मी चिडते.

तुमच्या घरी असं काही माळ्यावर असेल तर प्लगला लावायची घाई करू नका. आधी कपॅसिटर बदलून घ्या. आणि त्याच्याही आधी, डबा शोधा.

असो. भेटू पुढच्या वीकांताला.